मुक्काम टाकी बघून ठरवा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मोटरहोमने मेक्सिको

मुले कॅलिफोर्नियात नाहीतर टेक्सासला, आईवडील हिवाळ्यात तिकडे जाणार आणि "गाडीतच राहून मेक्सिको बघून येऊ" असा बेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या बहुतेक पत्रांचा मजकूर हाच आहे. समुद्रकिनाऱ्यांची नावे सगळ्यांनी काढून ठेवली आहेत. संडासाची टाकी कुठे आणि कशी रिकामी करायची हे मात्र मोजक्यांनीच विचारले, म्हणून त्या पत्रांना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : जानेवारीत आम्ही दोघे सॅन डिएगोला मुलीकडे जाणार आहोत. मुलगी-जावयांची स्वतःची २८ फुटी मोटरहोम आहे. चौघांनी २१ दिवसांत मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातून ला पासपर्यंत जाऊन परत यायचे म्हणतो. मुक्काम कसे टाकावेत? रोज ४००-५०० किलोमीटर सहज होतील ना?
(वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : होणार नाहीत, आणि ओढूनताणून करूही नका. बेळगाव-पुणे हायवेचा हिशेब इथे चालत नाही. तिहुआना ते काबो सान लुकास हा मेक्सिको-१ महामार्ग सुमारे १,७०० किलोमीटरचा, १९७३ साली पूर्ण झालेला. एन्सेनादा मागे पडले की बहुतेक ठिकाणी एक जाणारी, एक येणारी अशी दोनच पट्ट्यांची सडक राहते. कित्येक ठिकाणी साइडपट्टी नाही. डांबर संपले की लगेच उतार. समोरून ट्रक आला की आरसे सांभाळावे लागतात. सरासरी ताशी ६० धरा, दिवसाला २५० ते ३०० किलोमीटर, आणि अंधाराच्या आत मुक्कामाला. रात्री रस्त्यात गुरे उभी असतात. काळ्या गाईचे डोळे दिव्यात चमकेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

आता मुक्काम. ते टाक्यांवरून ठरतात. २८ फुटी गाडीत साधारणपणे चांगल्या पाण्याची टाकी १९० लिटर, सांडपाण्याची (न्हाणी आणि सिंक) १५० लिटर आणि संडासाची १३० लिटर असते. तुमच्या गाडीचे नेमके आकडे पुस्तिकेत बघा, कारण फरक बराच असतो. चौघांचे मिळून दिवसाला वीस वेळा फ्लश आणि दर वेळी दीड लिटर, म्हणजे ३० लिटर. त्यात देहधर्माचे आणि धुण्याचे १० मिळवले की ४० झाले. तिसऱ्या दिवशी रात्री टाकी काठोकाठ. सांडपाण्याचे पाहायचे तर झटपट अंघोळ माणशी दहा-बारा लिटर आणि वर भांडी, असे दिवसाला ६० लिटर; टाकी अडीच दिवसांत भरते. तेव्हा चौघांना सोय नसलेल्या जागी सलग दोन रात्री काढता येतील. तिसऱ्या रात्रीचा मोह धरू नका.

त्या हिशेबाने असे बसते. पहिल्या दिवशी सीमा ओलांडून एन्सेनादा. तिहुआनापासून १०५ किलोमीटर, टोलचा चांगला रस्ता. दुसऱ्या दिवशी सान किन्तीन, १९० किलोमीटर. इथे वीज, पाणी, ड्रेनेज तिन्ही असलेला आरव्ही पार्क (मोटरहोम लावून राहायची जागा) घ्या, दोन्ही मैल्या टाक्या रिकाम्या करा आणि पाणी पूर्ण भरा. पुढे ६० किलोमीटरवर एल रोसारिओ आहे. काटा निम्म्यावर असला तरी तिथे पेट्रोल भरायचेच, कारण पुढच्या ३५० किलोमीटरांत खात्रीचा पंप धरता येत नाही. एवढी मोठी गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते, म्हणजे या एकाच टप्प्याला १०० लिटर गेले. जनरेटर चालवलात तर तोही त्याच टाकीतून पितो. कातावीन्याला रस्त्याकडेला पिंपातले पेट्रोल विकायला असते, ते फक्त अडीनडीला.

तिसरी रात्र कातावीन्याला, प्रचंड धोंडे आणि खांबासारखे निवडुंग यांच्यात. इथे ड्रेनेजची आशा नको. चौथ्या दिवशी २३० किलोमीटर गेर्रेरो नेग्रो. दोन रात्री राहा आणि टाक्या रिकाम्या करा. जानेवारी ते मार्च हा करड्या देवमाशांचा हंगाम आणि ओहो दे लिएब्रे हे त्यांचे खाजण गावाजवळच आहे. गावाच्या अलीकडे २८ व्या अक्षांशावर राज्याची हद्द लागते. तिथे शेतमालाची तपासणी होते, आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे करावे लागते. पार्कचे कार्यालय संध्याकाळी बंद होते, म्हणून हा तास लक्षात ठेवा.

मग सान इग्नासिओ (१४५ किलोमीटर, खजुराच्या बनातले गाव, एक रात्र), सांता रोसालियावरून मुलेहे (१३५ किलोमीटर). मुलेहेला टाक्या रिकाम्या केल्याशिवाय पुढे हलू नका. तुम्ही यादीत लिहिलेले बाईया कोन्सेप्सिओनचे किनारे तिथून जेमतेम तास-अर्ध्या तासावर आहेत आणि तिथे वीज, पाणी, ड्रेनेज यांपैकी काहीच नाही. खड्ड्याचे संडास असतात, पण गाडीची टाकी त्यात ओतायची नसते. खड्डा भरला की वाळूतून थेट खाडीत पाझर. रिकाम्या टाक्यांनी गेलात तर दोन रात्री सुखाच्या. तिथून लोरेतो, पुन्हा टाक्या, आणि मग ३५० किलोमीटरवर ला पास. तो टप्पा लांब वाटला तर मध्ये सिउदाद कोन्स्तितुसिओनला थांबता येते.

ला पासच्या तीन रात्री धरून जायला १३ रात्री आणि यायला ६. एक रात्र हाताशी राहते. ती वाऱ्यासाठी ठेवा. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की उंच गाडी त्या अरुंद रस्त्यावर चालवण्यात शहाणपण नाही.

सीमेवरची एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायला हवी. हिरवा दिवा लागला की गाडी सरळ आत सोडतात, इमिग्रेशनवाला हाक मारून बोलावत नाही. आपणच बाजूला लावून, कार्यालयात जाऊन एफएमएम हा प्रवेशाचा कागद करून शिक्का घ्यायचा. रस्त्याने सात दिवसांपर्यंत तो फुकट आहे. तुम्हाला २१ दिवस हवेत, म्हणून फी भरा आणि पावती जपा. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. अमेरिकेत परत शिरायचे आहे, तेव्हा तो व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, हे बेळगावातच तपासून घ्या.

प्रश्न : ट्रक चालवण्यात आमची हयात गेली, गाडीचे भय नाही. पण मैल्याची टाकी कधी हाताळली नाही. पुतण्या म्हणतो पाइप लावायचा आणि नळ उघडायचा, संपले. एवढे सोपे आहे का? आणि तिकडचे ड्रेनेज कसे असते?
(वाचक, निपाणी)

उत्तर : पुतण्याचे अर्धे बरोबर आहे. काम दहा-पंधरा मिनिटांचेच, पण क्रम चुकला की हात, बूट आणि शेजाऱ्याशी संबंध, तिन्ही खराब होतात.

आधी सामान. तीन इंची मैल्याचा पाइप, तीन-तीन मीटरचे दोन तुकडे. काटकोनी एल्बो, तोही पारदर्शक, म्हणजे आतून काय वाहते ते दिसते. पातळ रबरी हातमोज्यांचे खोके. धुण्यासाठी वेगळ्या रंगाची नळी, जी पिण्याच्या पाण्याच्या नळीशेजारी कधीही ठेवायची नाही. आणि जाड रबरी रिंग. अमेरिकेत जमिनीतल्या तोंडाला आटे असतात आणि एल्बो त्यात फिरवून बसतो. मेक्सिकोत बहुधा तीन किंवा चार इंची साधा पीव्हीसी पाइप जमिनीतून वर आलेला असतो, आटे नाहीत, झाकण म्हणून वर एखादा दगड. रिंग घालून एल्बो घट्ट दाबायचा आणि वर तोच दगड ठेवायचा. दगड विसरलात तर व्हॉल्व्ह उघडताक्षणी दाबाने पाइप बाहेर उडतो.

आता क्रम. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते बघा. गाडीच्या तोंडाचे झाकण थोडेसे सैल करून खाली बादली धरा. व्हॉल्व्हच्या खाचेत कागद अडकला असेल तर गळती इथे कळते. मग पाइप जोडा, गाडीपासून तोंडापर्यंत सलग उतार द्या. मध्ये झोळ राहिला तर तिथेच साचते. आधी संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह, एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडला तर पाणी निघून जाते आणि घट्ट भाग मागे राहतो. आवाज थांबला की आतून दोन-तीन बादल्या पाणी ओतून पुन्हा वाहू द्या. एल्बोतून स्वच्छ दिसले की तो व्हॉल्व्ह बंद. त्यानंतर सांडपाण्याचा उघडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. शेवटी दोन्ही बंद आणि संडासाच्या टाकीत सात-आठ लिटर पाणी आणि औषध टाकून ठेवा. कोरडी टाकी घेऊन निघायचे नाही.

सर्वांत जास्त गाड्या कशामुळे अडतात? पार्कमध्ये ड्रेनेज जोडले की लोक संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात, "आपोआप जाईल" म्हणून. पाणी जाते. मैला आणि कागद शौचकुपाखाली ढिगासारखे साठून वाळतात, आणि आठ दिवसांनी तो ढीग कशानेही हलत नाही. म्हणून तो व्हॉल्व्ह नेहमी बंद, आणि टाकी निदान दोनतृतीयांश भरल्यावरच सोडायची, कारण ढकलायला पाण्याचे वजन लागते. भरली नसेल आणि पुढचा टप्पा सोयीविना असेल, तर पाणी घालून भरा आणि मग सोडा.

काटा नेहमी दोनतृतीयांश दाखवत राहिला तर घाबरू नका. टाकी किती भरली ते मोजणाऱ्या भिंतीतल्या खिळ्यांना कागद चिकटलेला असतो. निम्मी टाकी पाणी आणि अर्धा कप भांड्यांचा साबण घालून दिवसभर चालवा आणि मग सोडा. बहुतेक वेळा सुटतो.

तिकडच्या ड्रेनेजविषयी. छोट्या गावांत आणि वाळवंटात पार्कचे पाइप गावाच्या गटारयोजनेला जोडलेले नसतात. खाली मालकाचा सेप्टिक टँक असतो, तोही बेताचा. म्हणून पाइप काढण्याआधी विचारायचे : "आकी प्वेदो देस्कार्गार आग्वास नेग्रास?", इथे मैलापाणी सोडू का? नको म्हणाले तर नको. फॉर्मल्डिहाइड असलेले निळे औषध वापरू नका, त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि पुढे मालकाला मैला उपसावा लागतो. एन्झाइमचे औषध घ्या. पावसाच्या गटारात, ओढ्यात किंवा "एवढ्या वाळवंटात कोण बघतंय" म्हणून कडेला सोडणे हा तिथेही गुन्हाच आहे. सांडपाणीसुद्धा तसे सोडू नका.

गाडी चालवण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी दोन गोष्टी. तिकडे उजवीकडून चालवायचे. आणि पुढच्या ट्रकने डावा इंडिकेटर दिला तर "ये, पुढे जा" असाही अर्थ होतो आणि "मी डावीकडे वळतोय" असाही. भरवसा ठेवू नका.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण आम्हाला कागदाची सवय नाही. मोटरहोमच्या संडासात पाणी वापरले तर चालते का?
(वाचक, खानापूर)

उत्तर : संकोच कशाला, हाच उपयोगाचा प्रश्न आहे. चालते, उलट टाकीला बरेच. कागदाचा लगदा हाच अडकण्याचा मुख्य माल, आणि पाणी जास्त असले की मैला सैल राहतो. अडचण एकच, टाकी लवकर भरते. घरचा तांब्या एक लिटरचा. चौघांचे दिवसाला चार तांबे म्हणजे चार लिटर, हे परवडते. पण प्रत्येक लघवीनंतरही तांबा ओतला तर वीस लिटर जातील आणि दोन दिवसांतच टाकी बोंबलेल. दाबून फवारा मारायची प्लास्टिकची बाटली घ्या, पाव लिटरमध्ये भागते. गाडीच्या दाबाच्या पाण्यावर हँड-शॉवर बसवायचा असेल तर भिंतीजवळ बंद करायचा कॉक हवाच. पंपाच्या धक्क्याने नुसत्या ट्रिगरची नळी सैल झाली तर रात्रीत १९० लिटर संडासात जातात.

पार्कच्या किंवा हॉटेलच्या संडासात शेजारी टोपली दिसेल, वापरलेला कागद तिच्यात टाकायचा असतो. मेक्सिकोतले बरेच पाइप बारीक आणि जुने असतात, म्हणून ही पद्धत. गाडीतही कागद वापरणाऱ्यांनी हेच केले तर टाकी दुवा देईल.

वास येतो अशी तक्रार आणखी दोन पत्रांत आहे. चालत्या गाडीत छतावरचा पंखा सुरू ठेवून फ्लशची पाती उघडली की टाकीतली हवा वर खेचली जाते. आधी पंखा बंद करा. दुसरे कारण सिंकखालचा यू-बेंड. गावागावांत टोपे असतात, म्हणजे आपले स्पीडब्रेकर, बरेचसे पाटीशिवाय. त्यांवरून गाडी आदळली की बेंडमधले पाणी हिंदकळून जाते आणि मागून टाकीचा वास येतो. मुक्कामाला पोचल्यावर प्रत्येक सिंकमध्ये आणि न्हाणीत पेलाभर पाणी ओता.

प्रश्न : जेवण गाडीतच करणार. भात, आमटी, भाकरी, कधी मटण. भांडी घासायचे पाणी आणि पिण्याचे पाणी यांचे कसे करावे? मसाले, कढीपत्ता न्यायला चालेल का?
(वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : संडासाच्या टाकीपेक्षा सांडपाण्याची टाकी जास्त घाण मारते, आणि आपल्या स्वयंपाकात तर नक्कीच. भाताची पेज, आमटीचा तळ आणि रश्श्याचा तवंग टाकीत गेला की दोन दिवसांत आंबतो. पेज पिऊन टाका किंवा तिच्यातच कणीक मळा. प्रत्येक ताट आणि पातेले आधी कागदाने किंवा भाकरीच्या तुकड्याने पुसून घ्या. तळणीचे तेल आणि मटणाची चरबी रिकाम्या बाटलीत साठवा. थंड रात्री ती पाइपमध्ये मेणासारखी थिजते. सिंकला बारीक जाळी हवीच. भाकरीच्या परातीतले पीठ ओले करून सिंकमध्ये सोडायचे नाही, वाळवून झटकायचे, कारण ज्वारीचे पीठ व्हॉल्व्हच्या खाचेत बसले की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

पिण्यासाठी नळाचे पाणी नको. गावोगावी शुद्ध पाण्याची दुकाने असतात, पाटी "आग्वा पुरिफिकादा". २० लिटरचा गार्राफोन, म्हणजे पाण्याचा जार, घ्यायचा आणि पुढे रिकामा देऊन भरलेला घ्यायचा. चौघांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला १५ लिटर धरा. गाडीच्या टाकीतले पाणी अंघोळीला आणि भांड्यांना. वाळवंटातल्या पार्कमध्ये ते टँकरने आलेले असते, म्हणून भरतानाच बिनवासाचे ६ टक्क्यांचे ब्लीच लिटरला दोन थेंब टाका. १९० लिटरला साधारण २० मिलिलिटर होते. निदान अर्धा तास थांबून मग वापरा. निघण्याआधी घरीच टाकी निर्जंतुक करायची असेल तर प्रमाण वेगळे : पूर्ण टाकीला २०० मिलिलिटर, सगळे नळ वास येईपर्यंत उघडून बंद करायचे, चार तास ठेवायचे आणि दोनदा धुवायचे.

कोरडा मसाला, घरचे तिखट, मेतकूट यांची अडचण सहसा येत नाही. मूळ वेष्टनात किंवा नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. कढीपत्ता मात्र बेळगावहून नेऊच नका. लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड त्याच्यावर राहते, म्हणून अमेरिकेत त्याला बंदी आहे. लिंबू, संत्री, कच्चे मांस हे हद्दीवर काढून घेऊ शकतात. सीमेच्या आदल्या रात्री संपवा आणि पलीकडे नवे घ्या. औषधांत सर्दीच्या गोळ्या तपासा : स्यूडोएफेड्रीनला मेक्सिकोत बंदी आहे, आणि अमेरिकेतल्या कित्येक गोळ्यांत ते असते.

प्रश्न : बेळगावहून मिक्सर आणि शेगडी नेली तर चालेल का? पार्कमध्ये वीज कशी असते?
(वाचक, संकेश्वर)

उत्तर : मिक्सर इथेच राहू द्या. आपला २३० व्होल्टचा, तिकडे १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ. फिरेल पण चटणी वाटणार नाही. इंडक्शन शेगडी तर सुरूच होणार नाही. अमेरिकन उपकरणे तिकडे चालतात.

पार्कची वीज बहुधा १५ अँपिअरची, क्वचित ३०. १५ वर एका वेळी एकच जड वस्तू चालते : एसी किंवा किटली किंवा शेगडी. जोडण्याआधी सॉकेट टेस्टर लावून बघा. फेज-न्यूट्रल उलटे असणे किंवा अर्थिंग नसणे नवलाचे नाही. अर्थिंग नसेल तर जोडू नका, बॅटरीवर रात्र काढा. व्होल्टेज दाखवणारा सर्ज प्रोटेक्टर घ्या, आणि १०५ च्या खाली गेले की एसी बंद, नाहीतर कॉम्प्रेसर जळतो. संध्याकाळी सगळे पार्क एकदम स्वयंपाकाला लागले की व्होल्टेज पडतेच.

पंपावर रंगाची गफलत होते. अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवी नळी डिझेलची असते. मेक्सिकोत हिरवी म्हणजे मॅग्ना हे साधे पेट्रोल, लाल म्हणजे प्रीमियम आणि काळी डिझेलची. भरणारा माणूस असतो, त्याला शब्दानेही सांगा. गाडी बंद पडली तर ०७८ ला फोन करा. महामार्गावर फिरणाऱ्या आन्हेलेस वेर्देस या हिरव्या गाड्यांची सरकारी मदत मिळते. मजुरी नाही, सुट्या भागांचे आणि इंधनाचे पैसे तेवढे द्यायचे. अपघात किंवा दुखापत असेल तर ९११.

प्रश्न : मुलाकडे गाडी नाही, भाड्याने घेणार. बाहाऐवजी मुख्य मेक्सिकोत जायचे असेल तर कागद काय लागतात? इथले लायसन्स चालेल?
(वाचक, चिकोडी)

उत्तर : भाड्याची असेल तर पहिला कागद कंपनीचे लेखी परवानगीपत्र. बऱ्याच अमेरिकन कंपन्या मोटरहोम मेक्सिकोत नेऊच देत नाहीत, काही फक्त बाहापुरती देतात. पैसे भरण्याआधी विचारा. परवानगीशिवाय नेली तर अमेरिकन विमा गेला आणि अनामतही गेली.

बाहा द्वीपकल्पात गाडीचा तात्पुरता आयात परवाना लागत नाही, मुख्य भूमीवर लागतो. तो बानहेरसितो या बँकेच्या खिडकीवर सीमेवर मिळतो, किंवा आधी ऑनलाइन. मोटरहोमला तो दहा वर्षांचा मिळतो आणि अनामत नाही. मागे मोटार जोडून नेणार असाल तर तिचा परवाना वेगळा, जास्तीत जास्त १८० दिवसांचा, आणि मॉडेलच्या सालानुसार २०० ते ४०० डॉलर अनामत. बाहेर पडताना तो त्याच बँकेच्या खिडकीवर रद्द करून घ्यायचा. मुदतीत रद्द झाला नाही तर अनामत बुडते. बाहा उतरून ला पासहून बोटीने मुख्य भूमीवरच्या मासात्लानला जाणाऱ्यांना तिथल्या पिचिलिंगे बंदरातही परवाना काढता येतो.

विमा मेक्सिकन कंपनीचाच हवा, अमेरिकन पॉलिसी तिथे त्रयस्थाच्या नुकसानीला मानत नाहीत. जबाबदारी ठरेपर्यंत चालकाला अडकवून ठेवू शकतात, म्हणून वकील आणि जामिनाची सोय असलेलीच पॉलिसी घ्या. लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. तुमच्या भागासाठी चिकोडी आरटीओ, फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. कंपनी आणि विमावाला दोघेही तो मागू शकतात. चालवणाऱ्या प्रत्येकाचे नाव पॉलिसीत लिहून घ्या. मुलगा दमला म्हणून वडिलांनी स्टीअरिंग धरले आणि नाव नव्हते, अशा वेळी विमा अडतो.

प्रश्न : मेक्सिको राहू दे. आम्ही जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्परव्हॅन करतोय. दांडेली, चोर्ला, आंबोली, सौंदत्ती असे फिरायचे. दोन माणसे. १०० लिटरची मैल्याची टाकी खाली बसवावी का?
(वाचक, हल्याळ)

उत्तर : बसवू नका. तिकडे टाकी बसवतात कारण ती ओतायला जागा असते. आपल्याकडे रस्त्यावर तशी सोय जवळजवळ नाही, आणि १०० लिटर मैला भरलेली गाडी घेऊन तुम्ही घाटात फिरणार.

दोघांसाठी १८-२० लिटरची कॅसेट पुरते. शौचकुपाखालची पेटी बाहेरून ओढून काढायची, चाकांवर ओढत न्यायची आणि साध्या संडासात ओतायची. दोघांना दोन दिवस जातात. एक जादा कॅसेट घेतली तर चार. ओतायची जागा म्हणजे होमस्टे, लॉज किंवा ढाबा, जिथे संडास सेप्टिक टँकला किंवा ड्रेनेजला जोडलेला आहे आणि मालकाने हो म्हटले आहे. मुक्कामाचे पैसे देतानाच बोलून घ्या, सकाळी गुपचूप नको. औषध एन्झाइमचेच. ओतताना हवेचे बटण दाबून ठेवा, नाहीतर गटगट उसळून अंगावर येते. लघवीसाठी वेगळा कॅन ठेवला तर कॅसेट दुप्पट दिवस टिकते.

सांडपाण्याला ४०-५० लिटरची टाकी पुरे, दीड इंची व्हॉल्व्हसह. तिचेही पाणी ओढ्याकाठी सोडायचे नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खाली खानापूरपासूनची गावे त्याच पाण्यावर आहेत. चोर्ल्याच्या बाजूला धुतलेल्या भांड्यांचा साबण कुठे जातो ते नकाशावर बघा. दांडेली आणि भीमगडच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री गाडी लावता येत नाही, त्यामुळे तिथले मुक्काम तसेही होमस्टेच्या अंगणातच करावे लागतील.

आणि एक, गाडीत ओट्यापासून बेडपर्यंत काहीही कायमचे बसवण्याआधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली असे बदल आरसीवर चढवून घ्यावे लागतात. गॅसचा सिलिंडर आतल्या कपाटात ठेवणार असाल तर कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो.